परसाच्या छकड्याचं उलटं चाक

नोकरीभर मी लोकांना सिनेमे दाखवले आणि एकाही माणसाकडून तिकीट घेतलं नाही. घेतलं असतं तर कुणी दिलंही नसतं, ही गोष्ट वेगळी. माझे सिनेमे म्हणजे धानावरचा करपा, विहिरीत टाकायची पावडर, लहान कुटुंब आणि शोषखड्डा. सरकारी प्रसिद्धीची एक जीप, तिच्या मागच्या भागात जनरेटर, प्रोजेक्टरची लोखंडी पेटी, दोन बांबू आणि मांजरपाटाचा पडदा, एवढा आमचा संसार. जीप चालवायला हमीदभाई आणि मशीन चालवायला मी. आधी सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. मग गडचिरोली वेगळा झाला. ऑफिसं वाटली गेली, टेबलं-खुर्च्या वाटल्या गेल्या, खड्डे मात्र कुणी वाटून घेतले नाहीत. ते शेवटपर्यंत आमच्याच वाट्याला राहिले.

माझे बाबा ब्रह्मपुरीचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि देव होते त्या फळीवर पुस्तकं ठेवली. त्या फळीखाली वाढलेल्या पोरानं सिनेमा दाखवायची नोकरी धरली, हे त्यांना बरेच दिवस पचलं नव्हतं. नंतर एकदा आमची जीप घरासमोर थांबली, भोंग्यावर माझा आवाज ऐकून सगळा मोहल्ला गोळा झाला, तेव्हा कुठे ते शेजाऱ्याला म्हणाले, "आमचा पोरगा सरकारी मास्तरच आहे, फक्त अंधारात शिकवते."

आमचे विद्यार्थी एकेक नमुने होते. पडद्याचं कापड पातळ, त्यामुळे समोर जागा संपली की लोक पडद्यामागे जाऊन बसत. मागूनही चित्र दिसतं, फक्त डावं-उजवं उलटं होतं. वैनगंगेकाठच्या एका ढिवरांच्या वस्तीत आम्ही मासेमारीची फिल्म लावली. समोरचे म्हणाले, गडी जाळं झकास फेकतो. मागचे म्हणाले, डावखोरा आहे, डावखोऱ्याच्या हातून असं गोल जाळं पडणंच शक्य नाही, सरकार फसवून राह्यलं. प्रकरण हातघाईवर यायला लागलं तेव्हा सरपंचानं फिल्म पुन्हा लावायला सांगितली आणि दोन्ही पार्ट्यांना जागा बदलायला लावल्या. मागचे समोर आले, त्यांनी नीट पाहिलं आणि एक जण समाधानानं म्हणाला, "बोंबलल्याबरोबर बदलला का नाई हात!"

सिरोंच्याकडे एका म्हाताऱ्यानं प्रोजेक्टरपुढे नारळ फोडल्याशिवाय मशीन सुरू करू दिली नाही. पाणी दिव्यावर उडालं असतं तर दिवा तडकला असता, म्हणून हमीदभाईनं त्याला नारळ जीपच्या चाकापुढे फोडायला लावला. "असली देव तर हे आहे बाबा," हमीदभाई म्हणाले, "हे चाललं नाई तर तुमचा सिनेमाही नाई, आमची घरवापसीही नाई."

आता चाकाचीच गोष्ट सांगायची आहे, म्हणून आधी मशीनविषयी थोडं सांगतो. हे काम मी चंद्रपूरच्या एका टॉकीजमध्ये शिकलो. माझे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पडद्यावर काहीच हालत नाई, बेटा. हालते ते पाहणाऱ्याच्या डोक्यात." फिल्म म्हणजे छोट्या छोट्या स्थिर फोटोंची लांब पट्टी. मशीन एक फोटो दिव्यासमोर ओढते, थांबवते, दाखवते. मग एक पाती आडवी येऊन उजेड बंद करते, तेवढ्यात पुढचा फोटो ओढला जातो. असे सेकंदाला चोवीस फोटो. इतक्या लवकर की मधला अंधार कुणाला दिसत नाही. सिनेमा पाहणारा माणूस कितीतरी वेळ चक्क काळोखात बसलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो. फिल्म काढणाऱ्या कॅमेऱ्याचंही तसंच. त्याचा डोळा उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. मिटलेला असताना जे घडलं ते त्याला ठाऊक नसतं.

आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की शंकरपट भरतात. दोन बैलांची जोडी, मागे हलका दोन चाकी छकडा, त्यावर हाकणारा एकटा धुरकरी, आणि काही श्वासांत संपणारी शर्यत. एका हिवाळ्यात मुंबईहून फिल्म काढणारी मंडळी आली. त्यांना या भागातलं गावजीवन टिपायचं होतं आणि वाटाड्या म्हणून मला जोडून दिलं होतं. मी त्यांना एका गावच्या पटाला नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या सासू-सुनेविषयी लिहितो आहे त्यातल्या सुनेची नातवंडं आता दिवाळी अंक वाचण्याइतकी मोठी झाली आहेत.

त्या पटात परसाची जोडी पहिली आली. परसा म्हणजे परशराम, विशी ओलांडलेला, किडकिडीत, छकड्यावर उभा राहिला की वाकलेल्या वेतासारखा दिसायचा. कॅमेरा जोडीच्या बरोबरीनं पळवलेल्या जीपमध्ये होता, हमीदभाई चालवत होते. शर्यत संपल्यावर परसा धुळीनं पांढरा होऊन माझ्याकडे आला.

"भाऊ, मी दिसन ना जी त्याच्यात?"

"दिसशील."

"मंग इथी आनजा ते. मायले दाखवा. ती पटाले येते, पन जोडी सुटली का डोळे मिटून घेते. मले पळतानी तिनं कधी पाह्यलंच नाई."

मी हो म्हणालो. त्या दिवशी त्याच्या घरी आम्ही जेवलो. आई अनसाबाई, बायको सुमन, नुकतीच नांदायला आलेली. अनसाबाईनं वाढता वाढता मला विचारलं, "बापू, तुमचं ते यंत्र लय जोरात पळते का?" मी म्हटलं, नाही माय, पळतो तुमचा परसा. ती इतकी हसली की हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

फिल्म तयार होऊन आमच्या ऑफिसात तिची प्रिंट यायला बराच काळ गेला. दरम्यान परसा गेला होता. खाणीत काम लागतंय म्हणून चंद्रपूरला गेला, तिथे लागलं नाही. बल्लारपूरच्या स्टेशनवर गावातल्या एकानं त्याला आंध्राकडच्या गाडीत चढताना पाहिलं, त्यानंतर कुणीच नाही. सुमनचे भाऊ दोनदा शोधून आले. ना निरोप, ना पत्ता. ही सगळी हकीकत मला त्या गावी फिल्म घेऊन पोचल्यावर कळली. मी तर भोंग्यावर ओरडत शिरलो होतो, आज तुमच्याच गावचा पट पडद्यावर पाहा, म्हणून.

परत फिरावं का, असा विचार आला. पण अनसाबाई स्वतः शाळेच्या मैदानावर आली आणि पडद्यासमोर पोत्याची फारी अंथरून बसली. शेजारी सुमन. "त्यानं तुमाले सांगतलं होतं ना," ती मला म्हणाली, "दाखवा."

दिवेलागणीला मशीन सुरू केली. पट आला, गर्दी आली, लोक आपापले चेहरे ओळखून किंचाळत होते. मग परसा आला. जोडी सुटली, छकडा उसळला आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं. मी अनसाबाईकडे पाहत होतो. तिनं डोळे मिटले नव्हते. पडद्यावर छकड्याचं चाक आधी सरळ फिरलं, मग थबकल्यासारखं झालं आणि जोडी पूर्ण भरात आली तसं सावकाश उलटं फिरायला लागलं. बैल पुढे, परसा पुढे, चाक मागे. मी अशी चाकं शेकडो वेळा पाहिली होती, त्यात मला काही नवल नव्हतं.

अनसाबाई उठून उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली.

"चाक पाहा!" ती म्हणाली. "चाक उलटं फिरून राह्यलं!"

"हो व, उलटंच," कुणी तरी म्हणालं.

"चाक उलटं कुठी फिरते? सांगा ना! कुठी फिरते?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे बंडी वावरातून घरी आली की बैल बाहेर सोडतात आणि रिकामी बंडी हातानं मागे ढकलत कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, लावतात. बंडीचं चाक उभ्या आयुष्यात उलटं फिरतं ते आपल्याच अंगणात, माणूस घरी पोचल्यावर. घरातली बाई चुलीपाशी बसल्या बसल्या तो आवाज ओळखते आणि ताटं घेते.

"परसा येऊन राह्यला," अनसाबाई म्हणाली. "माह्या पोरगा घरी येऊन राह्यला."

सकाळी आम्ही शाळेच्या पडवीत चहा पीत होतो. सुमन हातपंपावरून आली, पाण्याचा भरलेला गुंड खाली ठेवला आणि थोडी लांब उभी राहिली.

"आपरेटर भाऊ, एक इचारू?"

"विचार ना, बाई."

"चाक उलटं काऊन फिरते?"

मी म्हटलं, मशीनमुळे तसं दिसतं. तिनं मान हलवली. "दिसते ते मीही पाह्यलं. काऊन, ते सांगा."

मग तिनं सांगितलं ते असं. तिच्या माहेरच्यांनी मूल गावच्या राईस मिलमध्ये काम करणारा एक माणूस पाहून ठेवला होता. बायको वारलेली, स्वभावानं बरा. पाट लावून द्यायचा. सासूनं किती तरी महिने नन्नाचा पाढा लावला होता, शेवटी स्वतःच म्हणाली होती, तू कोवळी आहेस, जा. होळी झाली की भाऊ न्यायला येणार होते. आणि काल रात्री घरी गेल्यावर सासूनं परसाचं ताट मांडलं. भावांना निरोप पाठव म्हणाली, येऊ नका, नवरा येतो आहे.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले जायचं आहे," ती म्हणाली. हे बोलताना ती जमिनीकडे पाहत होती. "पन बुढीच्या मनात तो येऊन राह्यला असतानी मी उठून गेली, तर ती रोज दारात बसन. तिले तसं टाकून मी नाई जानार. आनि खरंच येत असन तो, तरी नाई जानार. म्हनून इचारून राह्यली. खरं सांगा."

इतक्या सिनेमांत मी लोकांना काय काय शिकवलं, पण असा विद्यार्थी मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही नाही. तिचं सगळं आयुष्य माझ्या उत्तरावर टांगलं होतं. मी भीत भीत तिच्यासोबत घरी गेलो. हमीदभाई मागून फिल्मचं रीळ घेऊन आले.

अनसाबाईला मी अंगणात उजेडात बसवलं आणि फिल्मची पट्टी तिच्या हातात दिली. उस्तादांनी दिलेलं भिंग डोळ्याला लावून दिलं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"एवढासा झाला व माह्या परसा," ती म्हणाली. मग विचारलं, "हे सारे परसाच?"

"सगळे. एका मागोमाग एक काढलेले फोटो."

"आनि ह्या दोघाच्या मधात काय आहे?"

"काळी रेघ, माय. तेव्हा कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो."

तिनं भिंग खाली केलं. "मंग त्या रेघेत तो कुठी असते?"

मग मी समजावायला लागलो. चाकाला बारा आरे. सगळे एकासारखे एक. समजा, गोल पंगतीत एकसारखी टोपी घातलेले बारा जण बसलेत. तुम्ही डोळे मिटले, तेवढ्यात प्रत्येक जण पुढच्याच्या जागेवर सरकला, पण बोटभर कमी. डोळे उघडल्यावर तुम्हाला वाटेल, सगळे जागच्या जागी आहेत, फक्त बोटभर मागे आले. गेले असतात पुढे, दिसतात मागे आलेले. चाक जितकं जोरात असेल तितके आरे अंधारात पुढे सरकतात. अनसाबाई माझ्याकडे अशी पाहत होती जशी एखादी आई दुसऱ्याच्या बडबड्या पोराकडे पाहते.

हमीदभाईनं मला बाजूला घेतलं. "तू भाषण देऊन राह्यला यार. बुढीनं डोळ्यानं पाह्यलं आहे. तिले डोळ्यानंच दाखवा लागते."

त्यांनी शाळेच्या गुरुजींची सायकल मागून आणली आणि सीट-हँडलवर उलटी उभी केली. आम्ही दिव्याच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, त्यात चार ठिकाणी उभ्या फटी पाडल्या आणि तो मागच्या चाकाला सुतळीनं बांधला. पेडल फिरवलं की फटी डोळ्यासमोरून पळणार. त्यातून पाहणारा क्षणभर पाहणार, क्षणभर आंधळा होणार. म्हणजे कॅमेराच झाला.

पण त्यातून पाहायला समोर फिरणारं चाक हवं. परसाचा छकडा कोठ्यात उभा होता, तो गेल्यापासून अनसाबाईनं कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर ती म्हणाली, "त्याले नाई." घरची बंडी वावरात गेली होती. शेवटी ती स्वतःच उठली, खुंटीवरची वंगणाची नळी काढली आणि छकड्याच्या आसात बोटांनी वंगण भरायला बसली. इतक्या दिवसांची धूळ तिनं पदरानं पुसली. आम्ही छकडा बाहेर काढला आणि आसाखाली दगड लावून एक चाक अधांतरी केलं.

हमीदभाईनं दोन्ही हातांनी चाकाला वेग दिला. सुमन सायकलच्या पेडलशी बसली. अनसाबाईनं पुठ्ठ्यामागे तोंड नेलं.

"फिरव व."

सुमननं पेडल मारलं.

"पुढं जाऊन राह्यलं," अनसाबाई म्हणाली. "आता थांबलं. हमीदभाऊ, थांबवलं का तुमी?"

"मी कायले थांबवू? फिरूनच राह्यलं."

"सुमन, जोरात मार." मग म्हणाली, "उलटं."

पुठ्ठ्याबाहेर तोंड काढून तिनं पाहिलं. चाक सरळच फिरत होतं. पुन्हा आत पाहिलं. पेडल हळू, चाक पुढे. पेडल जोरात, चाक मागे. सगळं सुमनच्या हातात होतं आणि ती घामाघूम होऊन पेडल मारत होती. मला वाटलं, झालं काम.

"हे तुमच्या सायकलीचं," अनसाबाई म्हणाली. "हिचं चाक हिनं फिरवलं. पडद्यावरचं परसाचं कोनी उलटं फिरवलं?"

माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. मी हमीदभाईकडे पाहिलं, त्यांनी आभाळाकडे पाहिलं. तेव्हा सुमन उठली. तिनं आपल्या लुगड्याच्या काठाची बोटभर चिंधी फाडली. लाल काठ होता. छकड्याच्या एका आऱ्याला ती चिंधी घट्ट बांधली आणि पुन्हा पेडलशी जाऊन बसली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

हमीदभाईनं चाक फिरवलं. सुमननं वेग वाढवला. अनसाबाई पाहत होती. एका आऱ्याला ओळख लागली होती, आता बारा एकसारखे राहिले नव्हते.

"चाक मांगं येऊन राह्यलं," ती हळू आवाजात म्हणाली.

सुमन पेडल मारत राहिली.

"चिंधी पुढं जाऊन राह्यली." तिनं पुन्हा तेच म्हटलं. "चाक मांगं, आन चिंधी पुढंच."

सुमननं पेडल सोडलं. चाक आपोआप मंदावलं. अनसाबाई तिथेच मातीत बसली, तिनं डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच मला विचारलं, "जोरात गेला असन नाई जी तो?"

"जोरात, माय," मी म्हटलं. "जोरात होता म्हणूनच तसं दिसलं."

सुमन सासूजवळ गेली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. आम्ही दोघं बाप्ये सायकलीचा पुठ्ठा सोडवत बसलो. एवढ्या साध्या गाठी, पण सुटता सुटेनात.

निघताना अनसाबाई जीपपाशी आली. सुमनच्या भावांना होळीनंतर यायचं आहे ते येऊ द्या, असा निरोप तिनं हमीदभाईजवळच दिला, कारण सुमनचं माहेर आमच्या वाटेवर होतं.

पुढे काय झालं ते मला सुमननं नंतर सांगितलं. ती निघाली त्या दिवशी एस.टी.च्या फाट्यापर्यंत घरच्या बंडीत जायची होती. बैल जुंपले, ती चढली. अनसाबाई घरातून लाल चिंधी घेऊन आली आणि बंडीच्या चाकाच्या आऱ्याला बांधली. "माह्या डोळ्याचा आता भरोसा नाई," ती म्हणाली. "तुह्या चाक मले पुढं जातानी दिसलं पाह्यजे." बंडी वळणाआड जाईपर्यंत ती चिंधीकडे पाहत उभी होती, असं सुमन म्हणाली.

आज ते सगळं फार आठवतं. हमीदभाई गेले. जीप भंगारात गेली. सिनेमे मोबाइलमध्ये आले आणि जाहिरातीतल्या गाड्यांची चाकं अजूनही उलटी फिरतात, कुणी कुणाला काऊन म्हणून विचारत नाही. मला त्या धुळीची, जनरेटरच्या धडधडीची, मशीन तापल्यावर येणाऱ्या वासाची इतकी ओढ लागते की कधी कधी संध्याकाळी बोटं आपोआप फिल्मचा वेढा चाचपायला लागतात. एक हळहळ कायमची आहे. त्या पट्टीचा वीतभर तुकडा तरी मागून घ्यायला हवा होता. तुटलेली फिल्म जोडताना कितीतरी तुकडे मी केरात टाकले, पण परसाचा भाग कधी तुटलाच नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात व्हिडिओ आला आणि जुन्या प्रिंटा परत पाठवायचा हुकूम निघाला. शेवटच्या दौऱ्यात ते गाव नव्हतं. फाट्यावर आल्यावर हमीदभाईनं मला न विचारता स्टिअरिंग वळवलं.

अनसाबाई थकली होती. योगायोगानं सुमन मूलहून आलेली होती, मांडीवर मुलगी, सोबत नवरा. तो अनसाबाईला माय म्हणत होता. मी प्रिंट परत जाणार असल्याचं सांगितलं. म्हातारी विचारात पडली.

"एकडाव लावा जी."

"लावतो. पण माय, ते चाक..."

"मले समजलं आहे सारं," ती म्हणाली. "चिंधी पुढंच जाते. पन परसाच्या चाकाले कुठी चिंधी बांधली आहे? मले तेवढं उलटं दिसू द्या."

त्या संध्याकाळी ती तशीच समोर बसली, सुमन तशीच शेजारी. बातमी गावभर झाली होती, त्यामुळे सगळं गाव आलं होतं. परसा पडद्यावर आला तेव्हा आधीसारखीच शांतता झाली. चाक सरळ फिरलं, थबकलं, मागे फिरायला लागलं. सगळ्यांना कारण माहीत होतं. अनसाबाईनं डोळे सताड उघडे ठेवले होते. तिनं हात थोडा पुढे केला.

"ये बापू," ती म्हणाली. "ये. लाव बंडी. ताट घेतलं आहे."

मग शर्यत संपली, परसा धुळीत गेला, रीळ सुटलं आणि पडदा नुसता पांढरा झाला. मी मशीन बंद करायला विसरलो. अनसाबाईनं पदरानं तोंड पुसलं, सुमनच्या मुलीला आपल्या मांडीवर ओढलं आणि मागे वळून मला म्हणाली,

"झालं जी. आता तुमचं ते विहिरीतल्या पावडरचं लावा. लोकं बसले आयेत."